परिणामकारक सादरीकरण : परिणाम कोणावर?

शोधनिबंधाचे परिणामकारक सादरीकरण कसे करावे, हे शिकवणाऱ्या कार्यशाळा आता मराठी विभागांतूनही भरू लागल्या आहेत. स्लाइडवर सहापेक्षा अधिक ओळी नसाव्यात, अक्षर मोठे असावे, श्रोत्यांच्या नजरेला नजर द्यावी, आवाजात चढउतार असावा, पोशाख प्रसंगाला साजेसा असावा, असा उपदेश तेथे केला जातो. या सूचना चुकीच्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. सहाव्या रांगेतल्या श्रोत्याला अक्षर दिसावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु 'परिणामकारक' हे विशेषण वापरताच जो प्रश्न पहिल्याने विचारायला हवा, तो या कार्यशाळांतून विचारला जात नाही. परिणाम कोणावर? उत्तर गृहीत धरलेले असते : सत्राध्यक्षांवर, बीजभाषक पाहुण्यांवर, पुढे कधीतरी मुलाखतीला बसणाऱ्या तज्ज्ञांवर.

आमचे म्हणणे असे की, निदान लोकसाहित्य, आदिवासी साहित्य आणि बोलींचा अभ्यास या विषयांपुरते तरी हे उत्तर सपशेल चुकीचे आहे. ज्यांच्याविषयी निबंध लिहिला, त्यांच्यासमोर जो निबंध वाचता येत नाही, तो विद्यापीठाच्या सभागृहात वाचण्याजोगाही झालेला नसतो. सादरीकरणाची तयारी स्लाइडपासून सुरू होत नाही. ती या कसोटीपासून सुरू होते. आणि ही कसोटी लावून पाहायला जव्हार-मोखाड्याइतका योग्य प्रदेश दुसरा नाही. मुंबई, ठाणे आणि नाशिक येथील विभागांना तो हाताशी आहे, आणि म्हणूनच चर्चासत्रांच्या विषयपत्रिकेत तो वारंवार येतो.

१.

चर्चासत्राचा दिवस कसा जातो हे वाचकांना सांगायला नको. दहाचे उद्घाटन साडेअकराला सुरू होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल आणि रोपटे देऊन सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, बीजभाषण, अध्यक्षीय मनोगत. मग जेवण. जेवणानंतर समांतर सत्रे, आणि एकेका सत्रात बारा-पंधरा निबंध. सत्राध्यक्ष सुरुवातीलाच बजावतात : 'निबंध वाचू नका, सारांश सांगा, पाच मिनिटे.' ज्याचे वाचन आटोपते तो प्रमाणपत्राच्या टेबलाकडे वळतो. शेवटचा वक्ता उभा राहतो तेव्हा समोर आयोजक महाविद्यालयातील विद्यार्थी तेवढे उरलेले असतात, आणि तेही हजेरीसाठी बसवलेले. चर्चा 'वेळेअभावी' होत नाही. ज्या गोष्टीचे नावच चर्चासत्र आहे, तीत गाळता येण्याजोगा भाग कोणता, तर चर्चा!

हे असे का झाले याचे कारण गूढ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने निबंधवाचनाला गुण बांधून दिले : आंतरराष्ट्रीय परिषदेत १०, राष्ट्रीय परिषदेत ७.५, राज्य पातळीवर ५, स्थानिक पातळीवर ३. त्यानंतर तालुक्याच्या गावी भरणारी चर्चासत्रेही एकाएकी 'आंतरराष्ट्रीय' का झाली, हे कोडे ज्याला सुटले नसेल त्याने हा तक्ता वाचावा. २०१८ च्या नियमावलीने हे गुण उतरवले. परदेशातील परिषदेला ७, देशातील आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीयला ३, राज्य वा विद्यापीठ पातळीला २. पीएच.डी.च्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन निबंधवाचने आणि एक प्रकाशित लेख यांची सक्ती होती. २०२२ च्या नियमांनी ती उठवली. म्हणजे नियमांचा रेटा कमी झाला आहे. सवय मात्र राहिली. या साऱ्या तक्त्यांत पातळीला गुण आहेत. निबंध ऐकला गेला की नाही, त्यावर कोणी प्रश्न विचारला की नाही, आणि ज्यांच्याकडून सामग्री घेतली त्यांना तो कळवला की नाही, यांपैकी एकाही गोष्टीला गुण नाही.

अशा व्यवस्थेत 'परिणामकारक सादरीकरणा'ची कार्यशाळा म्हणजे रिकाम्या भांड्याला कल्हई करणे होय.

२.

आता जव्हार-मोखाड्यावरील निबंधाचा नमुना पाहू. हा कोणा एकाचा निबंध नव्हे. लोकसाहित्याच्या सत्रांना नियमाने बसणाऱ्या कोणालाही तो ओळखू येईल.

पहिली स्लाइड शीर्षकाची : 'जव्हार-मोखाडा परिसरातील आदिवासींचे लोकजीवन आणि लोकसंस्कृती : एक अभ्यास'. दुसरीवर 'ठाणे जिल्ह्यातील' हे शब्द, कारण मजकूर १ ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या कोणत्यातरी पुस्तकातून उतरवलेला आहे, आणि पालघर जिल्हा झाला याची वार्ता त्या पुस्तकापर्यंत पोहोचण्याचे कारण नाही. तिसरीवर 'आदिवासी हे निसर्गपूजक, भोळे आणि काटक असतात'. चौथीवर वारली चित्र, चित्रकाराचे नाव नाही. पाचवीवर तारपा, वाजवणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही. सहावीवर 'वारली ही मराठीची एक बोली आहे'. सातवीवर निष्कर्ष : 'आदिवासी संस्कृतीचे जतन करणे ही काळाची गरज आहे.' आठवीवर आभार.

या आठ स्लाइडा कार्यशाळेच्या सगळ्या कसोट्यांना उतरतील. ओळी मोजक्या आहेत, अक्षर मोठे आहे, चित्रे आकर्षक आहेत. आणि तरी त्यांतले जवळजवळ प्रत्येक विधान मोखाड्याच्या बाजारात उभे राहून वाचले तर वाचणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत थांबवले जाईल.

'आदिवासी' म्हणजे कोण, असे तेथे विचारले जाईल. या दोन तालुक्यांत वारली आहेत, कोकणा आहेत, महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि ढोर कोळी आहेत. त्यांच्या बोली वेगळ्या, देवके वेगळी, जमीनधारणेचा इतिहास वेगळा. जव्हार हे १९४८ पर्यंत संस्थान होते आणि तेथे राज्य करणारे मुकणे घराणे महादेव कोळी होते. म्हणजे या भूमीत राजाही आदिवासी आणि त्याला सारा भरणारे कूळही आदिवासी. ज्या एका शब्दात राजा आणि कूळ दोघे विरघळून जातात, तो शब्द शीर्षकात घालून निबंधाचा प्रारंभ करणे म्हणजे अभ्यासाचा पहिलाच प्रश्न पुसून टाकणे आहे.

'वारली ही मराठीची बोली' हे विधानही असेच. २०११ च्या जनगणनेत वारली आणि कोकणा या दोहोंची नोंद भिली/भिलोडी या गटात केलेली आहे, मराठीखाली नव्हे. जनगणनेचे वर्गीकरण अंतिम मानावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. भाषाभ्यासकाला त्याविरुद्ध बाजू मांडता येईल आणि ती मांडण्याजोगी आहे. पण मग ती मांडावी. क्रियापदांची रूपे, सर्वनामे, विभक्तिप्रत्यय श्रोत्यांसमोर ठेवावेत. हाच खरा निबंध होईल. वाद असल्याची वार्ताही नसताना एका ओळीत निर्णय देणे, याला सादरीकरण म्हणत नाहीत.

आणि 'भोळे, काटक, निसर्गपूजक' ही विशेषणे कोठून येतात? १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरपासून एन्थोव्हेनच्या जातिजमातींच्या खंडांपर्यंत जी प्रशासकीय वर्णने झाली, त्यांच्या धाटणीतून ती आली आहेत. एका ग्रंथातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून प्रबंधात, प्रबंधातून स्लाइडवर, आणि प्रत्येक मुक्कामी काळ मात्र तोच, चालू वर्तमान. गॅझेटिअर वाचू नये असे कोण म्हणेल? ते वाचावेच, पण १८८२ चा दस्तऐवज म्हणून वाचावे. कोणी लिहिले, कशासाठी, कोणाला विचारून, हे प्रश्न शरच्चंद्रांच्या भाषांतरित कादंबरीला आपण विचारतो. ते वारल्यांविषयीच्या परिच्छेदाला विचारताना आपली समीक्षा कोठे जाते?

३.

मग तयारी करायची ती कशी? टीका करून थांबणे सोपे असते, म्हणून येथे थोडे तपशिलात जाऊ. बोहाड्याचे उदाहरण घेऊ, कारण चर्चासत्रांत ते हमखास येते आणि हमखास वाया जाते.

बोहाडा हा जव्हार-मोखाडा भागातला सोंगांचा उत्सव. होळीपासून पावसाळ्यापूर्वीपर्यंतच्या दिवसांत गावोगावी तो होतो. रात्री संबळाच्या तालावर मुखवटे घातलेली सोंगे निघतात : गणपती, शारदा, नृसिंह, रावण आणि इतर अनेक. मोखाड्यात तो जगदंबेचा उत्सव म्हणूनही ओळखला जातो. इतके सांगून झाले की सर्वसाधारण निबंध संपतो, आणि आमच्या मते नेमका येथून तो सुरू व्हायला हवा.

पहिले काम : बारा मिनिटांत एकच विधान. सावकाश, समोरच्याला कळेल असे मराठी वाचायचे तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. बारा मिनिटांत बाराशे ते दीड हजार. छापण्यासाठी लिहिलेला निबंध तीन हजार शब्दांचा असतो. तो वाचायला जवळजवळ अर्धा तास लागेल. तेव्हा छापायचा निबंध आणि वाचायचा निबंध या दोन वेगळ्या संहिता आहेत, आणि दुसरी संहिता स्वतंत्रपणे लिहावी लागते. आयत्या वेळी पाने उलटत 'हे सोडतो, हे आपण वाचालच' असे म्हणणे हा श्रोत्यांचा अपमान आहे. 'बोहाडा : स्वरूप आणि वैशिष्ट्ये' हा विषय बारा मिनिटांचा नव्हे. 'अमुक गावात सोंगाचा मान कोणाकडे आहे आणि तो कसा बदलला' हा आहे.

दुसरे काम : एक गाव, एक वर्ष, नावे. मुखवटे कोणाच्या घरी ठेवलेले असतात? अनेक गावी ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे असते. हे गाव त्यांपैकी आहे काय? ज्या घरातला तरुण कामासाठी बाहेर आहे, त्या घराचे सोंग त्या वर्षी कोण नाचवते? संबळ कोण वाजवतो, त्याला बिदागी कोण देते? मुखवटा कागदाच्या लगद्याचा की लाकडाचा, आणि नवा कोणी केला? रामायणातील पात्रे आणि गावदेवी एकाच रात्री एकाच वाटेने जातात, तेव्हा आधी कोण जाते? यांतल्या एका प्रश्नाचे जरी पडताळलेले उत्तर श्रोत्यांसमोर ठेवले, तरी लोकनाट्याच्या उगमाविषयीच्या दहा मोघम परिच्छेदांपेक्षा ते अधिक मोलाचे ठरेल. आणि सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, स्लाइडवर असावे. वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांची कला राष्ट्रीय सन्मानापर्यंत पोहोचली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्राला कर्ता असतो हे सरकारला कळले, पण आमच्या स्लाइडांना अजून कळलेले नाही. 'एक वृद्ध आदिवासी महिला' या शब्दांखाली ज्या बाईने दोन तास बसून गाणी सांगितली, तिला नाव आहे. समीक्षकाचे अर्धे वाक्य उद्धृत करताना आपण पृष्ठक्रमांक देतो; तिला तेवढाही मान का नसावा?

तिसरे काम : पुरावा ऐकू यावा. लोकगीतावरील निबंधात गीत कधी ऐकू येत नाही, ही आमच्या अभ्यासातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट आहे. वारली लग्नात चौक लिहिला जातो, पालघट देवीचा. धवलेरी विधीची गाणी म्हणते. या गाण्यांवर आमच्याकडे निबंध होतात, आणि त्यांत गाण्याचा प्रमाण मराठीतला सारांश असतो. मूळ शब्द नाहीत, चाल नाही, ध्रुपद कितीदा येते ते नाही. बारा मिनिटांतली दीड मिनिटे ध्वनिमुद्रणाला द्यावीत. मूळ ओळी पडद्यावर असाव्यात, खाली अर्थ असावा, आणि ज्या शब्दाचा अर्थ लागला नाही त्याखाली तसे लिहावे. वारलीसारख्या बोलीच्या लेखनाची सर्वमान्य रूढी नाही. कोणता ध्वनी देवनागरीत कसा लिहिला, हे एका ओळीत सांगावे. तारप्यावर बोलायचे तर त्याचा सूर आधी ऐकवावा. भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांची यादी नंतर दिली तरी चालते. घांगळीच्या साथीने भगत कणसरीची कथा लावतो, तिला 'कृषिदेवतेचे मिथक' हे नाव देण्याची घाई करण्यापूर्वी ती कथा श्रोत्याच्या कानी पडली पाहिजे.

चौथे काम क्षुल्लक वाटेल, पण सांगितले पाहिजे. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा आणि पीडीएफ सोबत ठेवावी. जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या स्लाइडा परक्या संगणकावर उघडल्या की अक्षरांऐवजी चिन्हांची रांगोळी उमटते, आणि वक्ता 'तांत्रिक अडचणीमुळे' म्हणत दोन मिनिटे घालवतो. ध्वनिमुद्रण सभागृहाच्या ध्वनिक्षेपकावर आधी वाजवून पाहावे. कार्यशाळांनी एवढे जरी नीट शिकवले तरी त्यांचे ऋण आम्ही मान्य करू.

४.

आता ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप आहे, त्या विद्यार्थ्यांकडे वळू.

जव्हार आणि मोखाडा येथे पदवी महाविद्यालये आहेत, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. तेथल्या मराठीच्या वर्गात असा विद्यार्थी बसतो, ज्याच्या घरी वारली वा कोकणा बोलली जाते, ज्याच्या आजीला धवलेरीची गाणी येतात, ज्याचा काका बोहाड्यात सोंग नाचवतो. हा विद्यार्थी आमच्या चर्चासत्रांत कोणत्या भूमिकेत येतो? बहुधा वाटाड्या म्हणून. शहरातल्या संशोधकाला पाड्यावर नेणे, शब्दांचे अर्थ सांगणे, आजीला बोलते करणे, ही कामे तो करतो आणि निबंधाच्या शेवटी, तेही लिहिणाऱ्याला आठवले तर, 'सहकार्य' या शब्दात जमा होतो. तो स्वतः निबंध वाचायला उभा राहिला की पहिली सूचना उच्चाराची येते. 'शुद्ध बोला.' दुसरी सूचना परिभाषेची : 'आदिबंध, मिथक, उत्तरवसाहतवाद असे काही घाला.' घरच्या भाषेतले नेमके शब्द काढून टाकून तो आमच्या भाषेतले मोघम शब्द घालतो, आणि बाहेरून आलेल्या संशोधकासारखाच त्याचाही निबंध 'काळाची गरज आहे' येथे येऊन थांबतो.

ही हानी त्या एका विद्यार्थ्याची नाही. ज्याला पुरावा आतून ठाऊक आहे, त्यालाच तो बाहेरून सांगायला लावणारी शिस्त स्वतःचे ज्ञान स्वतःच गमावत असते. त्याला शिकवायचे ते उच्चार नव्हेत. विधान आणि पुरावा यांतला फरक कसा ओळखावा, आजीने सांगितलेले आणि पुस्तकात वाचलेले यांत विरोध दिसला तर तो लपवू न देता श्रोत्यांपुढे कसा मांडावा, आपल्याच समाजाच्या प्रथेवर टीका करायची तर कोणत्या शब्दांत करावी, हे शिकवायला हवे. त्याने मूळ शब्द वारलीत म्हणावेत आणि विवेचन मराठीत करावे. सभागृहाला वारली कळत नसेल तर सभागृहाने थोडे कष्ट घ्यावेत. फ्रेंच समीक्षकांची नावे उच्चारायला ते शिकलेच आहे.

५.

तेव्हा आमची सूचना सरळ आहे. जव्हार-मोखाड्यावरील निबंधाचे पहिले वाचन जव्हार-मोखाड्यात व्हावे. पाड्यावरच्या शाळेत, समाजमंदिरात, महाविद्यालयाच्या वर्गात, जेथे सांगणारे येऊ शकतील तेथे. सभागृहातले वाचन हे दुसरे.

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला : सैद्धांतिक विवेचन त्यांना कळणार नाही. प्रश्न असा की, सोंगाच्या मानाविषयी आपण जे म्हणतो आहोत ते सोंग नाचवणाऱ्याला साध्या शब्दांत सांगता येत नसेल, तर ते आपल्याला तरी कितपत कळले आहे? परिभाषा टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. विधान परिभाषेबाहेर काढूनही उभे राहते का, ते पाहा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे केल्याने अभ्यासक समाजाच्या मर्जीवर अवलंबून राहील आणि अप्रिय सत्य सांगणार नाही. येथे गल्लत होते ती 'समाज' एकमुखी आहे असे मानल्याने. वाचन झाले की भगत एक सांगेल, शिकलेला तरुण दुसरे. बायका पुरुषांना दुरुस्त करतील. कोकणा म्हणतील हे वारल्यांचे, आमचे नव्हे. हा मतभेद हीच सामग्री आहे. निवेदकांना नकाराधिकार द्यावा असे आम्ही सुचवत नाही. त्यांची हरकत निबंधात नोंदवावी आणि आपण तरीही वेगळे का म्हणतो ते सांगावे, इतकेच. सत्राध्यक्षांच्या हरकतीला आपण उत्तर देतोच ना?

तिसरा आक्षेप वेळ आणि पैसा यांचा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे मोखाड्याला आणि पुढे जव्हारला रस्ता जातो. एका चर्चासत्रातील शाली, रोपटी आणि स्मृतिचिन्हे यांच्या खर्चात कित्येक विद्यार्थ्यांची जा-ये होईल. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. दिवाळीनंतर या तालुक्यांतली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात : भिवंडी, वसई, ठाणे, नाशिक. पाडे ओस पडतात, म्हातारी माणसे आणि काही मुले मागे उरतात. आमच्या चर्चासत्रांचा हंगाम कोणता? आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी निधी खर्च करायचा असतो, म्हणून जानेवारी ते मार्च. म्हणजे त्यांच्या जीवनावर सभागृहात सर्वाधिक निबंध वाचले जातात ते नेमके ते घरी नसतात तेव्हा. ज्या संशोधकाने जानेवारीत दोन दिवसांची सहल करून 'लोकजीवन' टिपले, त्याने वस्तुतः लोक नसलेले जीवन टिपले आहे. आणि स्थलांतर हा शब्द त्याच्या आठही स्लाइडांत नसतो. ज्या तालुक्याच्या हद्दीतून मुंबईला पाणी देणारी वैतरणा वाहते आणि जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ज्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव १९९२ च्या बालमृत्यूंमुळे देशभर गेले, तेथल्या गाण्यांत पाणी, भूक आणि परगावचे काम येते काय, हा प्रश्न लोकसाहित्याचाच आहे. तो विचारायचा तर पावसाळ्यात, भातलावणीच्या वा कापणीच्या दिवसांत, माणसे घरी असताना जावे लागेल.

६.

शेवटी 'परिषद' या शब्दाविषयी. या जिल्ह्याला तो नवा नाही. १९४५ साली के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. अधिकाऱ्याच्या चिकित्सक नजरेने लिहिलेला तो ग्रंथ आजही उपयोगी आहे. त्याच १९४५ च्या मे महिन्यात, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी किसान सभेच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करणार नाही असा निश्चय तेथे झाला. गोदावरी परुळेकर यांनी १९७० च्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या लढ्याची हकिकत लिहिली. एकाच वर्षी एकाच समाजाविषयी एक ग्रंथ आणि एक परिषद. ग्रंथात वारल्यांविषयी बोलले गेले. परिषदेत वारली श्रोते होते, आणि जे ठरले ते त्यांना दुसऱ्या दिवशी जमीनदारापुढे पाळायचे होते. त्या परिषदेला परिणामकारक म्हणणे शोभते. आम्हांला दोन्ही हवीत. पण आमची चर्चासत्रे ग्रंथाइतकी चिकित्सक नसतात आणि त्या परिषदेइतकी कोणाला उत्तरदायीही नसतात.

भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आदिवासी साहित्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या वर्तुळात उल्लेखिली जाते. ज्यांचे दुःख सांगितले जात आहे ते खाली बसलेले आणि सांगणारे वर, एवढीच तिच्यातली मांडणी. ती कविता स्लाइडवर दाखवून, टाळ्या घेऊन, त्याच मंचावरून 'धन्यवाद' म्हणून उतरणारे वक्ते असतात. त्यांना आपण कवितेतल्या कोणत्या जागी उभे आहोत हे दिसू नये, याचे आश्चर्य वाटते.

विभागांकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. एका सत्रात चारांहून अधिक निबंध नसावेत आणि प्रत्येकाला वाचनाइतकाच वेळ चर्चेला असावा. क्षेत्रीय सामग्रीवरील निबंधाच्या सारांशातच गाव, वर्ष, भाषा आणि संमती देणाऱ्या निवेदकांची नावे मागावीत. ती नसतील तर निबंध परत करावा. निबंध आधी मूळ गावी वाचला काय, हे विचारावे, आणि तेथे काय हरकत आली ते ऐकावे. दोन-तीन निवेदकांना श्रोते म्हणून नव्हे, प्रतिसादक म्हणून बोलवावे, पाहुण्यांना मिळतो तोच प्रवासखर्च आणि तेच मानधन देऊन. आणि ध्वनिमुद्रणांची एक प्रत जव्हार वा मोखाड्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे पुढल्या वर्षी तेथला विद्यार्थी आपल्या आजीचे गाणे ऐकायला विद्यापीठात अर्ज करत बसणार नाही.

एवढे केले तर चर्चासत्रांची संख्या घटेल, हे आम्ही जाणतो. घटू द्यावी. वर्षाकाठी विभागाने एकच चर्चासत्र घेतले आणि त्यात आठ निबंध नीट ऐकले गेले, तर विद्यार्थ्यांना सादरीकरण शिकवायला वेगळी कार्यशाळा भरवावी लागणार नाही.